पगार कोण ठरवतं? पुण्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरी-चिंचवडमधल्या लहान कारखान्यांची पगारपत्रकं करणं हा माझा धंदा. हजेरी, ओव्हरटाइम, पीएफ, ईएसआय (कामगारांचा आरोग्यविमा), दिवाळीचा बोनस. सात तारीख जवळ आली की मालकाचा फोन येतो, त्याच्या मागोमाग कामगाराचा, आणि दोघांची तक्रार एकमेकांबद्दल. मी अर्थशास्त्रात एम.ए. केलंय हे कळल्यापासून तर आयांचे, मामांचे, सोसायटीच्या सेक्रेटरींचेही प्रश्न येतात. तेच तेच पुन्हा सांगण्यापेक्षा इथे लिहून ठेवतो.

पगार नक्की ठरवतं कोण? मालक, सरकार की बाजार?

सकाळी साडेसातला डांगे चौकातल्या किंवा वारज्यातल्या मजूर अड्ड्यावर जाऊन उभे राहा. कुठल्याही वर्गात शिकवतात त्यापेक्षा जास्त कळेल. बिगारी डब्याची पिशवी घेऊन उभे असतात, गवंड्यांच्या पिशवीतून थापीची मूठ डोकावत असते. एक बाइक थांबते.

"दोन बिगारी पाहिजेत. राडारोडा उचलायचाय."
"कुठं?"
"बावधन. सहाशे देतो."
"आठशे. तिसऱ्या मजल्यावरनं असंल तर नऊशे."

पहिल्या पंधरा मिनिटांत कुणी जागचं हलत नाही. कारण अजून बऱ्याच बाइका यायच्या असतात. साडेनऊ वाजले, अड्डा अर्धा रिकामा झाला, की उरलेल्यांतला एखादा सहाशेला मुकाट मागच्या सीटवर बसतो. माणूस तोच, अंगातली ताकद तीच, कामही तेच. बदललं काय? आठ वाजता त्याला "दुसरा कुणीतरी येईल" असं म्हणता येत होतं, साडेनऊला येत नाही.

आता उलट बाजू बघा. ऑक्टोबरात सोयाबीन काढायला मराठवाड्यातली माणसं गावी जातात, दिवाळीला तर निम्मा अड्डा रिकामा होतो. तेव्हा ठेकेदार साडेसातच्या आधी येऊन थांबतो आणि नऊशेलाही हो म्हणतो.

तर उत्तर असं, की बाजार एक पट्टा ठरवतो, समजा सहाशे ते नऊशे. सरकार त्या पट्ट्याच्या खाली एक फळी ठोकायचा प्रयत्न करतं. पट्ट्याच्या आत आकडा कुठे पडणार, हे दोघांपैकी कुणाला दुसरं दार उघडं आहे त्यावर ठरतं. पुढच्या बहुतेक प्रश्नांत हे दार पुन्हा पुन्हा येणार आहे.

भाजीचा भाव रोज बदलतो, मग पगार का नाही बदलत?

अड्ड्यावर बदलतो, कारखान्यात नाही. मार्केट यार्डात कोथिंबिरीची आवक वाढली की जुडी पाच रुपयांवर येते आणि जुडीला त्याचं वाईट वाटत नाही. माणसाला वाटतं. १८ हजारांच्या फिटरला मंदी आली म्हणून १६ हजार दिले, तर तो काम सोडणार नाही कदाचित, पण हात सैल सोडेल. रिजेक्शन वाढेल, हत्यारं मोडतील. हे मालकालाही पक्कं ठाऊक असतं.

म्हणून मंदीत पगाराचा आकडा सहसा कमी होत नाही, पगार घेणाऱ्या माणसांचा आकडा कमी होतो. २०१९ मध्ये वाहन उद्योग बसला तेव्हा माझ्याकडच्या एका पगारपत्रकात कुणाचाही दर एका रुपयाने घटला नव्हता. तीन पाळ्यांची एक झाली, ओव्हरटाइमचा रकाना कोरा झाला आणि ठेकेदाराच्या माणसांची यादी दोन पानांवरून अर्ध्या पानावर आली.

मी दिवसाला लाखाचा माल काढतो. मला महिन्याला २२ हजारच का?

हा प्रश्न सीएनसी (संगणकाच्या हुकमावर चालणारी मशीन) ऑपरेटर विचारतात, आणि रागाने विचारतात. उत्तर दोन भागांत देतो; पहिला आवडत नाही, दुसरा आवडतो.

पहिला. लाखाच्या मालात स्टीलचे पैसे आहेत, विजेचे, मशीनच्या हप्त्याचे, इन्सर्टचे (मशीनमधल्या कापणाऱ्या पात्यांचे), आणि वरच्या मोठ्या कंपनीने ९० दिवस पैसे अडकवून ठेवले त्याच्या व्याजाचेही. अर्थशास्त्र विचारतं ते वेगळंच: तुम्ही उद्या आला नाहीत तर मालकाचं किती नुकसान होईल? तेवढीच तुमची भर, आणि पगाराची वरची मर्यादाही तीच. मशीन दोन आणि ऑपरेटर तीन असतील, तर तिसऱ्याची भर चहा आणण्याइतकी. उलट मशीन दोन आणि ऑपरेटर एकच असेल, तर त्याने एक दिवस दांडी मारली तरी मालकाला रात्री झोप येत नाही.

दुसरा. ही वरची मर्यादा झाली. मालक तेवढा देतोच असं नाही. भोसरीतून चाकणला रोज जाणं तुम्हाला जमत नसेल, मुलाची शाळा इथेच असेल, घर भाड्याचं आणि डिपॉझिट अडकलेलं असेल, तर तुम्ही सहजासहजी सोडून जाणार नाही हे मालक ओळखून असतो. मग तो भर २८ हजारांची असतानाही २२ देतो आणि तुम्ही घेता. माल घेणारा एकच व्यापारी असला की शेतकऱ्याचं जे होतं तेच. जोन रॉबिन्सन या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९३३ मध्येच हे नीट मांडलं होतं. 'एकच मालक' याचा अर्थ गावात एकच कारखाना असा घ्यायची गरज नाही. जाण्यायेण्याला दीड तास लागत असेल, तर दहा कारखाने असूनही तुमच्यापुरता एकच उरतो. चाकणच्या ट्रॅफिकचा पगाराशी संबंध असतो तो असा.

काही मालक बाजारापेक्षा जास्त का देतात? दानधर्म?

नाही. हेन्री फोर्डने १९१४ मध्ये रोज पाच डॉलर केला, जवळपास दुप्पट, कारण माणसं टिकतच नव्हती. शिकवलं की निघून जायची. माझ्याकडचे एक मालक शेजारच्या शेडपेक्षा दोन हजार जास्त देतात. त्यांचा हिशोब सरळ आहे: नवा ऑपरेटर हाताला लागेपर्यंत तीन महिने आणि वाया गेलेला माल.

मुलगा इंजिनियर झाला. आयटीत फ्रेशरचं पॅकेज इतकी वर्षं तिथेच का?

साडेतीन लाखांच्या आसपास ते दशकभराहून जास्त काळ घुटमळतंय, हे खरं आहे. या काळात हिंजवडीतल्या फ्लॅटचं भाडं कुठल्या कुठे गेलं. म्हणजे खऱ्या अर्थाने फ्रेशरचा पगार घटला.

कारण रांगेची लांबी. दरवर्षी कॉलेजांतून इतकी मुलं बाहेर पडतात की त्या दारावर कंपनीला भाव वाढवायची गरजच पडत नाही. शिवाय फ्रेशरला सहा महिने कंपनी शिकवते, तोवर त्याची भर जवळपास शून्य. डिग्री त्या टप्प्यावर कौशल्य कमी आणि चाळणी जास्त असते. 'हा मुलगा चार वर्षं टिकून अभ्यास करू शकतो' एवढाच त्यातला निरोप. या निरोपाच्या सिद्धांताबद्दल मायकेल स्पेन्स यांना २००१ चं नोबेल मिळालं. सगळ्यांच्याच हातात तो निरोप आला की त्याची किंमत उतरते.

तीन वर्षांनंतर चित्र पालटतं. ज्याला एखाद्या कामात खरोखर हात आहे तो उडी मारतो आणि एका उडीत ४० टक्के वाढ घेतो; तिथेच राहिलेल्याला आठ टक्के 'हाईक' आणि केक मिळतो. नोटीस पिरियड तीन महिन्यांचा का असतो, याचं उत्तर यातच आहे. दुसरं दार बंद करता येत नाही, पण तिथपर्यंत पोहोचायला उशीर तरी करता येतो.

एकाच लाइनवर, एकाच मशीनवर, पर्मनंटला ६० हजार आणि कंत्राटीला १८. हे कसं काय?

यावर सगळ्यात जास्त फोन येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली आणि त्यानंतरच्या वीसेक वर्षांत पिंपरी-चिंचवडचा चेहरा बदलला. मोठे कारखाने आले, त्यांच्यात मजबूत युनियन झाल्या. दर तीन-साडेतीन वर्षांनी 'करार' व्हायचा. करार झाला की गेटवर गुलाल, पेढे आणि वाढीच्या आकड्याचे फ्लेक्स, अजूनही लागतात. पगार तिथे टेबलावर ठरायचा, कारण लाइन थांबवायची ताकद कामगारांच्या एकीत होती. मशीन तेच असलं तरी युनियनमुळे मिळणारा हा वरचा हप्ता होता.

मालकांनी यावर तोडगा काढला. टेल्कोचा (आताची टाटा मोटर्स) १९८९ चा संप शनिवारवाड्यावरच्या उपोषणापर्यंत गेला आणि पोलिसांनी तो मोडला. आमच्या पिढीतल्या घराघरात त्याची चर्चा असायची. त्यानंतरच्या काळात या पट्ट्यात नव्या पर्मनंट भरत्या आटत गेल्या आणि ट्रेनी, अप्रेंटिस, 'नीम' (सरकारी प्रशिक्षण योजनेतली मुलं), ठेकेदाराची माणसं असे थर वाढत गेले. देशभरातल्या कारखान्यांत २००० च्या सुमारास दर १० कामगारांत दोनेक कंत्राटी असायचे, आता चारेक असतात.

कंत्राटी कामाचा जुना कायदा १९७० चा. कायमस्वरूपी कामासाठी कंत्राटी नकोत असा त्याचा सूर होता, आणि सारख्या कामाला सारखं वेतन हे त्याच्या नियमांतही होतं. पण 'सारखं काम' सिद्ध कोण करणार? कागदावर पर्मनंट 'मशीन ऑपरेटर' असतो आणि कंत्राटी 'हेल्पर'. मी स्वतः अशा याद्या टाइप केल्या आहेत. कॅन्टीनमध्ये एका बाकावर पर्मनंटचा निळा शर्ट आणि कंत्राटीचा करडा शर्ट शेजारी बसून एकच उसळ खातात. करड्याला त्याचे पैसे कापले जातात, निळ्याला नाही.

पर्मनंटवर राग काढून उपयोग नाही, हे मी करड्या शर्टवाल्यांना सांगतो. त्याचे ६० हजार तुमच्या १८ मधून आलेले नाहीत. तुमच्या १८ चं कारण गेटबाहेर उभे असलेले आणखी चाळीस करडे शर्ट आणि तुमच्या बाजूने टेबलावर न बसलेली युनियन, हे आहे. युनियनचीही चूक मोजायला हवी. करारात 'नवीन भरती कमी दराने' हे कलम मुकाट मान्य करणाऱ्या युनियन कमी नाहीत. आतल्यांनी आतलं सांभाळलं.

किमान वेतन वाढवलं तर नोकऱ्या जातात का?

मालक म्हणतात जातात, पुढारी म्हणतात नाही. उत्तर 'कितीने वाढवलं' यात आहे.

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने १ एप्रिल १९९२ ला किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ केलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केलं नाही. डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर यांनी सीमेच्या दोन्ही बाजूंची चारशेवर बर्गरची दुकानं आधी आणि नंतर मोजली. न्यू जर्सीत नोकऱ्या घटल्याचं दिसलं नाही. त्यावरून बराच धुरळा उडाला, अजून उडतो, पण कार्ड यांना २०२१ चं नोबेल मिळालं. नोकऱ्या का घटल्या नाहीत, ते वर आलंच आहे: मालक भर २८ ची असताना २२ देत असेल, तर किमान वेतन २४ केल्याने माणूस काढणं त्याला परवडत नाही, त्याचा फायदा तेवढा कमी होतो. मात्र तेच ३२ केलं तर तो माणूस काढेल, किंवा कागदावर ३२ लिहून हातात २४ ठेवेल. दुसरा प्रकार आपल्याकडे जास्त. खात्यात जमा करून एटीएमच्या बाहेर परत रोख मागणारे ठेकेदार मला माहीत आहेत.

आपल्याकडचे नियम थोडक्यात: महाराष्ट्रात उद्योगानुसार, कौशल्यानुसार आणि परिमंडळानुसार वेगळे दर असतात, आणि महागाई निर्देशांकानुसार 'विशेष भत्ता' जानेवारी आणि जुलैत बदलतो. १९४८ च्या कायद्यात यादीतल्या उद्योगांनाच किमान वेतन होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली, तिने ते सगळ्या कामगारांना दिलं, आणि केंद्र ठरवेल त्या तळाच्या वेतनाखाली कुठल्याच राज्याला जाता येणार नाही अशी तरतूद केली. जुलैच्या पगारात भत्ता बदलला का, एवढं जरी बघितलंत तरी पुष्कळ. निम्म्या लहान शेडमध्ये तो 'राहून जातो'.

युनियन, पंचायत याने खरंच फरक पडतो का? की नुसती वर्गणी?

पुण्यात याचं उत्तर मार्केट यार्डात आहे. हमालाएवढा दुबळा कामगार शोधून सापडणार नाही: ना कायम मालक, ना हजेरी, आज या गाळ्यावर तर उद्या त्या. पोतं उतरवलं की दर व्यापारी सांगेल तो. बाबा आढावांनी हमाल पंचायत बांधली ती या माणसांची.

१९६९ चा माथाडी कायदा मला आपल्याकडच्या सगळ्या कामगार कायद्यांत हुशार वाटतो. त्याने 'मालक कोण' हा वादच बाजूला ठेवला. हमाल मंडळाकडे नोंदवायचे, व्यापारीही नोंदवायचे. मजुरी आणि वर ठरलेली लेव्ही व्यापारी मंडळात भरतो. मंडळ हमालाला पगार देतं आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, औषधपाणी बघतं. कुणाही एका व्यापाऱ्याला त्याच्या हमालावर दात ठेवता येत नाही. टोळीतल्या सगळ्यांचं दुसरं दार एकदमच उघडं असतं.

याची काळी बाजूही सांगतो, नाहीतर चाकणचे मालक मला फोन करतील. माथाडीच्या नावावर गाड्या अडवून, न केलेल्या कामाचे पैसे मागणारे टोळके या पट्ट्यात झाले. ती खंडणी, तिचा हमालीशी संबंध नाही. ज्यांना खरोखर पाठीवर पोतं घ्यावं लागतं त्यांनाच त्या बदनामीचा फटका बसतो.

कचरावेचक बायकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. त्यांना तर मालक असा कुणी नव्हताच. तरी घरोघरचा कचरा उचलण्याचं शुल्क त्यांनी महापालिकेशी बोलून मिळवलं. माझ्या सोसायटीत महिन्याच्या त्या पैशांवरून घासाघीस करणारे काका एका पिझ्झ्याला पाचशे देतात, हे जाता जाता.

बेरोजगारी ३.२ टक्के म्हणतात. मग आमच्या घरात दोघं का बसलेत?

२०२३-२४ च्या सरकारी श्रमबल सर्वेक्षणातला हा आकडा खोटा नाही. तो वेगळंच काही मोजतो. जो काम शोधतोय आणि ज्याला ते मिळत नाही, तोच त्यात 'बेरोजगार'. वर्षातले बरेच दिवस रिकामा असून महिनाभर काकाच्या दुकानात बसला तो कामकरी. शेतावर बिनपगारी राबणारी सून कामकरी. त्याच सर्वेक्षणात काम करणाऱ्यांपैकी ५८.४ टक्के स्वयंरोजगारात आहेत. नियमित पगार फक्त २१.७ टक्क्यांना. गरिबाला बेरोजगार राहणं परवडत नाही, तो वडापावची गाडी लावतो. म्हणून आपल्याकडे बेरोजगारीचा दर शिक्षणाबरोबर वाढत जातो. आपल्या देशात कामाची बोंब म्हणजे मुख्यतः पडेल ते काम करावं लागण्याची आणि पुरेसा पगार नसण्याची बोंब.

पोरगं सदाशिव पेठेत पाच वर्षं एमपीएससी करतंय. वेडेपणा आहे का?

वेडेपणा नाही, लॉटरीचं तिकीट आहे, आणि तिकिटाची किंमत वाढत चाललीय.

हिशोब असा. सातव्या वेतन आयोगाने केंद्रात अगदी तळाच्या पदाचं मूळ वेतनही १८ हजार केलं. वर महागाई भत्ता, घरभाडं, आणि नोकरी जाण्याची भीती नाही. तेवढंच शिकलेल्या मुलाला बाहेर कंत्राटी म्हणून त्याहून कमी आणि उद्याची खात्री शून्य. दरी एवढी रुंद असली की शेकड्यात एकाला मिळणाऱ्या नोकरीसाठीही रांग लागते. १९७० मध्ये हॅरिस आणि टोडारो या दोघांनी शहरात काम नसतानाही खेड्यातून माणसं का येत राहतात याचं असंच गणित मांडलं होतं: पगार गुणिले तो मिळण्याची शक्यता. शास्त्री रस्त्यावरच्या अभ्यासिका हे त्याचं आपलं रूप. एका खोलीत चार कॉट, मेसचा डबा, रात्री बाराला चहाच्या टपरीवर चालू घडामोडींची उजळणी.

माझं मत विचाराल तर दोन प्रयत्न ठीक. तिसऱ्यापासून दुसरं दार गंजायला लागतं. तिशीतल्या, अनुभव नसलेल्या पदवीधराला चाकण घेत नाही. पण हे मी आईला सांगू शकतो, मुलाला सांगितलं तर तो फोन ठेवतो.

बायकांना कमी पगार का?

समान वेतनाचा कायदा १९७६ मध्येच आला, आता ती तरतूद वेतन संहितेत आहे, म्हणजे एकाच कामाला उघड कमी देता येत नाही. म्हणून कामच वेगळं केलं जातं. अड्ड्यावर पुरुष 'गवंडी' होतो, बाई आयुष्यभर 'बिगारी बाई'. थापी तिच्या हातात कुणी देत नाही.

पांढरपेशा कामात वेगळं घडतं. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं नोबेल मिळालं ते अमेरिकेतल्या दोनशे वर्षांच्या नोंदी चाळल्याबद्दल. सुरुवातीला पगार जवळपास सारखे. दरी पडते ती पहिल्या मुलानंतर. रात्री नऊच्या कॉलला कधीही हजर असणाऱ्याला कंपनी भरभरून देते, आणि घरातून तशी मोकळीक नवऱ्याला मिळते. बाणेरच्या कुठल्याही जोडप्याला विचारा.

देशात काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या बायकांचं प्रमाण २०१७-१८ च्या २३.३ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेलं. आनंदाने उड्या मारायच्या आधी बघा: वाढ मोठ्या प्रमाणात शेतात आणि घरच्या धंद्यात झाली, त्यातला बराच भाग बिनपगारी.

आणि घरकामाच्या मावशी. पुण्यात १९८० मध्ये मोलकरणींनी संप केला होता. त्यातून संघटना झाली, सुट्ट्या आणि दिवाळीच्या बोनसची पद्धत पडली. आज सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "धुणंभांड्याचा रेट काय चाललाय" असं विचारून सगळे एकच आकडा धरतात. तो मालकांचा संघच झाला, फक्त त्याला कुणी युनियन म्हणत नाही.

बाहेरचे लोक येऊन आमचे पगार पाडतात?

ज्याचं काम हुबेहूब तेच आहे त्याचा दर काही काळ दबतो, हे नाकारत नाही. पण बिगारी आले म्हणून गवंड्याला, वायरमनला, टाइल्सच्या दुकानदारालाही काम मिळतं. २०२० च्या मे महिन्यात माणसं गावी गेली तेव्हा काय झालं ते आठवा. माझ्या एका मालकाने जूनमध्ये बिहारला तिकिटाचे पैसे पाठवून वेल्डर परत आणले. इथल्या एकाही बेकार मुलाने दरम्यान ती जागा मागितली नव्हती. आणि बाहेरचे म्हणजे कोण? बीड-लातूरहून आलेलाही बालेवाडीतल्या माणसाला बाहेरचाच वाटतो.

डिलिव्हरीत महिन्याला ३० हजार मिळतात म्हणे. नोकरी सोडू का?

पेट्रोल, सर्व्हिसिंग, गाडीची झीज, मोबाइलचा डेटा वजा करा आणि उरलेल्याला तासांनी भागा. तास नोकरीतल्या आठ धरू नका, बारा धरा. पीएफ नाही हे लक्षात घ्या. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के कल्याण निधीत द्यायची तरतूद आहे, पण त्यावर आज हप्ता फेडता येणार नाही.

पगार सारखे असले तर विषमता मिटेल?

एका शेडमध्ये माझ्याकडे दोन ऑपरेटर आहेत. वय तेच, मशीन शेजारशेजारची, पगार २६ हजार. एक भोसरी गावचा. आजोबांच्या जागेवर वडिलांनी सहा खोल्या काढल्या, त्यांचं भाडं येतं. दुसरा नांदेडचा, पगारातले सात हजार अशाच एका खोलीला जातात. पगारपत्रकात दोघांच्या ओळी हुबेहूब आहेत. दहा वर्षांनी एकाची मुलगी खासगी कॉलेजात असेल आणि दुसऱ्याची दहावीनंतर कामाला, तर ते मशीनमुळे नसेल.

पुण्यातली विषमता मोठ्या प्रमाणात गुंठ्यांतून आलेली आहे. हिंजवडी, वाकड, बाणेरात ज्यांची जमीन योग्य जागी होती ते गुंठामंत्री झाले. दोन किलोमीटर पलीकडचे तिथेच सुरक्षारक्षक. मजुरीच्या दराने ही दरी भरत नाही.

आकड्यांबद्दलही नेहमी गोंधळ असतो. जागतिक विषमता प्रयोगशाळेच्या अंदाजानुसार २०२२-२३ मध्ये देशाच्या उत्पन्नातले २२.६ टक्के वरच्या एक टक्क्याकडे गेले. दुसरीकडे जागतिक बँकेच्या गिनी निर्देशांकात (आकडा जितका कमी तितकी समानता जास्त) आपण २५.५ वर, म्हणजे बऱ्याच समान देशांत. दोन्ही एकाच वेळी कसं? पहिला उत्पन्न मोजतो, दुसरा खर्च. श्रीमंत माणूस मिळवलेलं सगळं खर्च करत नाही, आणि कोरेगाव पार्कच्या बंगल्याचा वॉचमन सर्वेक्षणवाल्याला गेटच्या आत सोडत नाही.

सीटीसी पाच लाख, हातात ३३ हजार. फसवणूक?

बहुधा नाही. सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यावर पडणारा एकूण खर्च. मालकाच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा, कधी मिळेल न मिळेल असा बोनस, सगळं त्यात धरतात. मूळ पगार मुद्दाम लहान आणि भत्ते फुगवलेले असायचे. वेतन संहितेने भत्ते निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरायला सांगितलंय. त्याने हातातले थोडे कमी झाले तर लगेच शिव्या देऊ नका, ग्रॅच्युइटी त्यावरच मोजली जाते.

पगारवाढ मागायची कधी आणि कशी?

"महागाई वाढलीय साहेब" असं म्हणून जाऊ नका. महागाई मालकालाही आहे, तो तुम्हाला त्याच्या मुलाच्या फीचा आकडा ऐकवेल. लग्न ठरलंय, घर घेतलंय हेही सांगू नका. हप्ता चालू झालेला माणूस पळून जात नाही हे त्याला लगेच कळतं.

गेल्या मार्चमधली गोष्ट. व्हीएमसीवरचा (हीही एक सीएनसी मशीनच) एक मुलगा, चार वर्षं जुना, दरवर्षी हजार-दीड हजारावर बोळवण होत आलेला. त्याने चाकणच्या एका कारखान्यात मुलाखत दिली, २९ हजारांचं ऑफर लेटर घेतलं, आणि शनिवारी पाळी सुटल्यावर केबिनमध्ये जाऊन काही न बोलता ते टेबलावर ठेवलं. मी तिथेच बोनसच्या हिशोबाला बसलो होतो. मालकाने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग लेटर उलटं करून त्याच्या पाठीवर पेन्सिलने २७ लिहिलं. पोराने ते बघितलं, पेन्सिल उचलली, शेजारी 'जाण्यायेण्याचे ३ तास वाचतील' असा हिशोब स्वतःच मांडला, आणि २७ खोडून २८ केलं.

मालकाने माझ्याकडे बघितलं. मी रकान्यात २८ टाकलं.